मदत हवी आहे: मिनेसोटाचा हिवाळा आणि कपाटात पडून राहिलेली शॉटगन

हिमगौरी

नमस्कार मंडळी. हा धागा कुठे काढावा कळेना, म्हणून क्रीडा विभागात टाकते. ॲडमिनना वाटल्यास हलवावा.

आम्ही मिनिॲपोलिसच्या पश्चिमेला राहतो. लेक हायस्कूलच्या ट्रॅप टीममध्ये आहे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: समोर १६ यार्डांवर जमिनीत अर्धवट गाडलेलं बुटकं घर असतं. त्यातून बशीएवढी केशरी चकती भिरभिरत सुटते, कुठल्या बाजूला जाणार ते आधी कळत नाही, आणि ती हवेतच फोडायची. पाच जागांवरून पाच-पाच, असा २५ चकत्यांचा एक राउंड. इथे शेकडो शाळांच्या टीम आहेत आणि जूनमध्ये मिनेसोटातल्याच अलेक्झांड्रियाला त्यांची मोठी जत्रा भरते. लेकीला सोडायला जाता जाता मीही शिकले. आता घरात जास्त वेडी कोण, यावर नवऱ्याचं मत माझ्या बाजूने नाही.

तर, शाळेचा सीझन एप्रिलमध्ये सुरू होणार आणि आमचा क्लब तोवर बंद. जाणकारांनी प्रकाश टाकावा:

१. बंदूक इतके महिने पडून राहणार. १२ बोअर, एकावर एक नळ्यांची. बेसमेंट दमट आहे. काय काळजी घ्यायची?
२. घरात सराव करता येतो का? टाउनहाउस आहे, भिंतीला भिंत लागून शेजारी.
३. वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरणं परवडतं का?
४. बाकीचे लोक हिवाळाभर करतात तरी काय? कृपया ट्रेडमिल सुचवू नये.

दुनळी

विस्कॉन्सिनहून लिहितोय, तुमच्यासारखाच बर्फात गाडलेला.

आधी बंदूक. बेसमेंटमध्ये ठेवू नका, वरच्या मजल्यावर आतल्या भिंतीच्या कपाटात हलवा. सेफ असेल तर आत सिलिका जेलचा डबा ठेवा आणि तो अधूनमधून ओव्हनमध्ये वाळवत जा. चोक (नळीच्या तोंडाशी आट्यांवर बसणारं नळकांडं) काढून, आटे पुसून, ग्रीसचं बोट फिरवून परत बसवा. सीझनभर न काढलेले चोक एप्रिलमध्ये पान्यालाही दाद देत नाहीत. नळ्या आतून ब्रशने घासा, वॉडचा (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असतो तो प्लास्टिकचा तुकडा) थर बसलेला असतो. मग तेलाचा अगदी पातळ हात. आणि ठेवताना नळीचं तोंड खाली. सरळ उभी ठेवली की तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. जुन्या बंदुकांमध्ये हे हमखास दिसतं.

थंडीत बाहेर नेलीत तर घरी आल्या आल्या केस उघडू नका. गार लोखंडाला उबदार हवा लागली की चष्म्यावर धरतं तसं पाणी धरतं, नळीच्या आतसुद्धा. केस बंदच ठेवून काही तास घरात राहू द्या, मग उघडून पुसा.

आता सराव. एप्रिलमध्ये जी माणसं पहिल्याच राउंडला चांगली फोडतात ती हिवाळाभर हेच करत असतात: बंदूक खांद्याला लावणं, उतरवणं, परत लावणं. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोघांनी करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीच्या तोंडात बसेल अशी बारीक टॉर्च घ्या, टेपचे दोन वेढे देऊन घट्ट बसवा. समोर भिंत आणि छत मिळतात ती रेघ धरा. कोपऱ्यातून उजेडाचा ठिपका त्या रेघेवरून सरकवत सरकवत बंदूक वर आणायची. दस्ता गालाला लागेल आणि लगेच खांद्यात बसेल. मान खाली जाता कामा नये, बंदूक गालाकडे आली पाहिजे. ठिपका रेघ सोडून उडाला की समजायचं, मागचा हात घाई करतोय. रोज दहा मिनिटं पुरेत, खांदा दुखायला लागला की थांबायचं, कारण दमलेला खांदा चुकीची सवय लावतो. चाप ओढून बघायचा तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला.

आणि पडदे लावून घ्या! टाउनहाउसच्या खिडकीत संध्याकाळी बंदूक दिसली तर पुढचा राउंड पोलिसांबरोबर व्हायचा.

साधा_माणूस

पोरांच्या हातात बंदुका देऊन वर त्याला खेळ म्हणायचं. अमेरिकेत रोज काय घडतं ते वाचत नाही का कोणी?

हिमगौरी

वाचते, आणि अस्वस्थही होते. म्हणूनच आमच्याकडे बंदूक सेफमध्ये, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्हीच्या किल्ल्या लेकीकडे नाहीत. सेफ्टीचा कोर्स केल्याशिवाय इथे मुलांना टीममध्ये घेतच नाहीत. तुमचा मुद्दा मोठा आहे, पण वेगळ्या धाग्याचा.

@दुनळी, पडद्याबद्दल खास आभार, हे डोक्यातच आलं नसतं. काडतुसांचं राहिलं.

दुनळी

हो. खरं सांगू? १२ बोअरच्या साध्या ट्रॅपच्या काडतुसांत फारसे पैसे वाचत नाहीत. २५ पौंडांच्या छर्ऱ्याच्या पिशवीत एक औंसाचे ४०० बार होतात, पण प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), बंदुकीची दारू, वॉड यांचा हिशेब धरलात की दुकानातल्या सेलच्या पेटीच्या आसपासच येता. २८ बोअर किंवा ४१० असेल तर चित्र बदलतं, ती काडतुसं विकत घेणं म्हणजे खिशाला भोक.

मी भरतो ते आवडतं म्हणून. इथल्याच मेव्हिलला बनलेलं, एमईसी कंपनीचं काडतुसं भरायचं जुनं यंत्र आहे. एकेका काडतुसाला हँडल ओढत जायचं: जुना प्राइमर काढणे, नवा बसवणे, दारू, वॉड, छर्रे, मग तोंडाच्या पाकळ्या दुमडून बंद. शेवटच्या ओढीला ती पाकळी चापून बसते तेव्हा बरं वाटतं. पण पुस्तकात दिलेलं मिश्रण जसंच्या तसं, एक घटक बदलायचा नाही. दर थोड्या वेळाने दारू काट्यावर तोलून बघायची. टीव्ही बंद, फोन लांब. शिशाची धूळ असते, त्यामुळे स्वयंपाकघर किंवा कार्पेटची खोली अजिबात नको, आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. टाउनहाउसमध्ये मी तरी सुरू केलं नसतं. सोसायटीचे नियम आणि घराच्या विम्याची कलमं आधी वाचा.

नवाखिलाडी

जरा अवांतर. मी एच-१बीवर आहे, शिकागोजवळ. मित्र ट्रॅपला बोलावतोय. मी जाऊ शकतो ना?

रानवाटा

थांबा, हे अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला साधारणपणे बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स असणं. शिकार करायची नसली तरी बरेच जण ते त्यासाठीच काढतात. मित्राची बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगण्यातच मोडू शकतं, म्हणून आधी लायसन्स, मग मैदान. इलिनॉयचे स्वतःचे नियम आणखी कडक आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन कराच, इथल्या प्रतिसादावर व्हिसा टांगू नका.

पंचगंगा

कोल्हापूरहून. आमच्याकडे बाराबोअरवाले थोडे, रायफल आणि पिस्तूलवाले ढीगभर. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं ब्राँझ आणल्यापासून तर प्रत्येक आईबापाला रेंजचा पत्ता हवाय. रायफलवाली पोरं घरी तासन्‌तास कोऱ्या भिंतीकडे बघत नुसतं होल्डिंग करतात, एकही गोळी न झाडता. दुनळीरावांनी सांगितलं ते त्याच जातकुळीचं वाटलं. ताई, तुमच्या लेकीला शुभेच्छा!

रानवाटा

हिमगौरी, दुसरा क्लब शोधा की. इकडचे बरेच क्लब शनिवार-रविवारी हिवाळ्यातही चालू असतात. गर्दी नसते, आत शेगडीजवळ कॉफी असते. फक्त तीन गोष्टी. जाड जॅकेटमुळे दस्ता तेवढाच लांब झाल्यासारखा होतो आणि वर आणताना काखेत अडकतो. तेव्हा अंगात पातळ थर जास्त घाला आणि वरून शूटिंगचं बिनबाह्यांचं जाकीट. चापाच्या हाताला पातळ हातमोजा, बोटाला चाप जाणवलाच पाहिजे. आणि चकत्या डांबर आणि चुनखडीच्या असतात, कडक थंडीत ठिसूळ होऊन यंत्रातच फुटतात. तुकडे उडाले तर तो 'नो टार्गेट', म्हणजे ती चकती मोजतच नाहीत, उगाच बार काढू नका.

साधा_माणूस यांच्यासाठी एवढंच: १९३७च्या कायद्याने इथे लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. याने तुमचा आक्षेप पुसला जात नाही, पण हा पैलूही असू द्या.

डुलुथकर

चौथ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, म्हणून मी.

दोन सल्ले. पहिला, सॅक्स-झिम बॉग, म्हणजे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध दलदलीचं रान. डुलुथहून साधारण तासाभराचा रस्ता. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे ग्रेट ग्रे आऊल बघायला लांबून लोक येतात. हे घुबड बर्फाखाली पळणारा उंदीर नुसत्या आवाजावर हेरतं आणि वरून थेट बर्फात झेपावतं. गाडीतूनच बघा, खाली उतरून मागे लागू नका. उडती चकती डोळ्याने धरायची सवय असलेल्यांना पक्षी लवकर सापडतात, हा माझा अनुभव.

दुसरा, आइस फिशिंग. गोठलेल्या तळ्यावर तंबू, आत हीटर, गिरमिटाने पाडलेलं भोक आणि हातभर लांबीची गळाची काठी. चालायला किमान ४ इंच स्वच्छ, काचेसारखा बर्फ हवा, असं राज्याचं खातं सांगतं. पांढरा, दुधाळ थर असेल तर दुप्पट धरा. छिन्नीने तपासत जा, पाण्यात पडलात तर बाहेर यायला बर्फात रोवायचे खिळे गळ्यात लटकवा, आणि हीटर लावलात तर तंबूची झडप उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडने दरवर्षी कोणी ना कोणी दवाखान्यात जातं.

हिमगौरी

सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चचा सराव कालपासून सुरू. लेकीचा ठिपका रेघेवर आहे, माझा छतभर फिरतोय. काडतुसं भरण्याचा विचार सोडला. बर्फावर जायला नवरा एका पायावर तयार आहे, पण तो मालवणचा, त्याचा एकच प्रश्न: मासे खाण्यासारखे असतात का, आणि काटे किती?

डुलुथकर

वॉलआय मागायचा. पांढरा, घट्ट, फिले काढला की जवळजवळ बिनकाट्याचा. हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवलात तर सुरमईची आठवण येणार नाही असं नाही म्हणत, पण ताट रिकामं होईल. नॉर्दर्न पाइक चवीला छान, पण त्यात इंग्रजी वाय आकाराचे काटे असतात, ते काढायची वेगळी रीत आहे. नीट शिकल्याशिवाय मुलांना देऊ नका. आणि वॉलआयचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो. मार्चमध्ये जाणार असाल तर क्रॅपी आणि सनफिश, दोन्ही कालवणाला चालतात. फिशिंग लायसन्स दोघांनी काढा, ते ऑनलाइन मिळतं.