सहकारी हजेरीत खोटे तास दाखवतात: कळवावं का, आणि कळवायचं तर कसं?

दुसरी_पाळी

पाळीत काम करणारा छोटा विभाग आहे. दोघांनी आपसात ठरवून घेतलंय. एक जण वेळेवर येतो आणि दोघांची कार्डं पंच करतो, दुसरा अर्ध्या-पाऊण तासाने येतो. तिसरा माणूस आठवड्यातून दोनदा दोन तासांचा ओव्हरटाइम लिहितो आणि अर्ध्या तासात निघून जातो. सुपरवायझर शीटवर सही करतो. त्याला माहीत आहे की नाही, कळत नाही. दुसरा येईपर्यंत आधीच्या पाळीतल्याला जागा सोडता येत नाही, म्हणजे भुर्दंड बाकीच्यांना.

प्रश्न असे: यात पडावं का? कुणाला सांगावं? पुरावा किती लागतो? आणि नाव बाहेर येतंच का? ‘चुगलखोर’ हा शिक्का लागला की तो पुसला जात नाही, म्हणून आधी विचारतोय.

पगारपत्रक

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत, त्या आधी सोडवून घ्या.

कोणी उशिरा आलेला दिसतो, एवढ्यावरून तास खोटे आहेत असं ठरत नाही. त्याच्या वेळा लेखी करारानेच वेगळ्या असू शकतात, आजारपणामुळे सवलत मंजूर असू शकते, किंवा तो जुन्या जादा कामाची भरपाई घेत असेल. यातलं काहीही एचआर बाकीच्यांना सांगत नाही, सांगायचंही नसतं. शिवाय उशिराचे पैसे कदाचित कापलेही जात असतील. बऱ्याच ठिकाणी वेळ पंधरा मिनिटांच्या टप्प्यात धरतात: ८:०७ चा पंच ८:०० धरला जातो, ८:०८ चा ८:१५. म्हणजे सात मिनिटं उशिरा येणाऱ्याला पूर्ण पगार मिळतो आणि ते नियमातच बसतं. त्यावर तक्रार केली तर तोंडघशी तुम्ही पडाल.

दुसऱ्याचं कार्ड पंच करणं मात्र यात बसत नाही. त्याला कुठलीच सवलत लागू होत नाही. माणूस जागेवर नसताना नोंद म्हणते की तो आत आहे. पैसा बाजूला ठेवा. आग लागून इमारत रिकामी करायची वेळ आली तर डोकी हजेरीच्या यादीवरून मोजतात. जो आलेलाच नाही त्याला शोधायला कोणीतरी धुरात परत जाईल. आणि त्याच वेळात त्याला बाहेर अपघात झाला, तर तो कामावर होता की नव्हता यावरच भरपाईचा वाद उभा राहतो. तक्रारीत पैशांच्या आधी हे लिहा.

ओव्हरटाइमचा हिशेब करून पाहा. दोन तास लिहिले, अर्धा तास केला, म्हणजे दीड तास खोटा. दर दुप्पट असेल तर तीन तासांचा पगार. महिन्यात आठ वेळा झालं तर २४ तास, म्हणजे आठ तासांचे तीन पूर्ण दिवस. याला ‘थोडं इकडेतिकडे’ म्हणता येत नाही.

माझं मत: पंच आणि ओव्हरटाइम, दोन्ही कळवण्याजोगे आहेत. नुसता उशीर नाही.

मधली_सुट्टी

वरच्याशी बरंचसं सहमत, पण थेट तक्रारीवर उडी मारायची गरज प्रत्येक वेळी नसते.

पाळी वेळेवर सुटत नाही ही तुमची स्वतःची अडचण आहे आणि ती कोणाचं नाव न घेता मांडता येते. सुपरवायझरला लेखी विचारा: “पाळी बदलताना बदली माणूस वेळेत पोचत नाही, त्यामुळे अमुक तारखांना इतकी मिनिटं जास्त थांबावं लागलं. ही मिनिटं कशात धरायची?” जास्त थांबलेल्या वेळेचे पैसे मागितले की नोंदींचा मेळ बसेना होतो. एकाच जागेवर एकाच वेळी दोन माणसं हजर दिसतात, मग विचारणं त्यालाच भाग पडतं. त्याने उत्तर टाळलं, तरी तुमच्या हातात तारीख असलेला मेल राहतो.

त्या दोघांशी आधी बोलायचं तर एकदाच, आणि फक्त परिणामाबद्दल बोला. “बंद करा, नाहीतर वर सांगेन” हे वाक्य चुकूनही नको. पुढे तुम्ही खरंच सांगितलंत तर तीच धमकी म्हणून तुमच्यावर उलटते. नाही सांगितलंत, तर सगळं माहीत असूनही गप्प बसलात हे सिद्ध होतं.

ओव्हरटाइमवाल्याच्या बाबतीत एक गोष्ट तपासून घ्या. काही साहेब पगारवाढ देता येत नाही म्हणून ओव्हरटाइमच बक्षीस म्हणून वाटतात. काही ठिकाणी आधीच्या महिन्यात फुकट करून घेतलेलं काम असं ‘वळतं’ करून देतात. तसं असेल तर मूळ खोटेपणा सही करणाऱ्याचा आहे, आणि त्या एका माणसावर बोट ठेवून मूळ तसंच राहील.

नोंदवही

पुराव्याबद्दल. तुम्ही तपास करायचा नाही, फक्त काय पाहिलं ते सांगायचं. बहुतेक जण इथेच घसरतात.

लिहायचं ते त्याच दिवशी. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, तुम्ही कुठे उभे होता. उदाहरणार्थ: “अमुक तारखेला २:०० वाजता मशीनपाशी क ने लागोपाठ दोन कार्डं लावली. ख २:४० ला आत आला. त्या दरम्यान ख ची जागा रिकामी होती.” बस्स. ‘नेहमी’, ‘रोज’, ‘सगळ्यांना माहीत आहे’, ‘लुबाडतात’ हे शब्द काढून टाका. ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकलं’ असंच लिहा. अशा तीन-चार नेमक्या नोंदी पुरतात. वर्षभराचं बाड केलं तर पाळत ठेवल्यासारखं दिसतं, आणि इतके दिवस का थांबलात हा प्रश्न येतो.

पडताळा कशाशी घेता येईल एवढं सुचवा: गेटची नोंद, संगणकावर लॉगिन झाल्याची वेळ, मशीन सुरू झाल्याची वेळ, कॅमेरा. कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसलं जातं, म्हणून प्रसंग ताजा असतानाच कळवलेलं बरं. या नोंदी स्वतः काढायला मात्र जाऊ नका. दुसऱ्याच्या लॉगिनने सिस्टीम उघडणं, हजेरीच्या पानाचा फोटो स्वतःच्या फोनवर घेणं, गुपचूप व्हिडिओ, ऑफिसची फाइल खासगी मेलवर पाठवणं, यातल्या कशानेही आधी तुमचीच चौकशी लागू शकते. तक्रार खरी असली तरी.

आणि कळवण्याआधी स्वतःच्या मागच्या काही महिन्यांच्या शीट वाचा. चौकशी लागली की अख्ख्या विभागाचे पंच काढतात. कुठे चूक सापडली तर आधी तीच दुरुस्त करायला द्या. तुमचं कार्ड कधी कोणाकडे दिलेलं असेल, तर तेही आधी तुम्हीच सांगा.

दुसरी_पाळी

खूप उपयोगी. सुपरवायझरचीच सही आहे, मग त्याला सांगण्यात काय अर्थ? निनावी पत्र चालेल का?

पगारपत्रक

ज्याची सही आहे त्याला वगळून त्याच्या वरच्याकडे, नाहीतर एचआर, अंतर्गत लेखापरीक्षण किंवा तक्रार-लाइन असेल तिथे. तो सामील आहे असं लिहू नका. “शीटवर सही अमुक यांची असते” एवढं पुरतं, वाचणारा काय ते समजतो.

निनावी आणि गोपनीय यात फरक आहे. गोपनीय म्हणजे तपास करणाऱ्याला तुमचं नाव माहीत असतं, बाकीच्यांना नाही. निनावी म्हणजे कोणालाच नाही. निनावी पत्राची अडचण अशी, की तपास करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि प्रकरण तिथेच बंद होतं. तक्रार-लाइन किंवा पोर्टल क्रमांक देत असेल तर तो जपून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी त्यावर काही विचारलंय का ते बघा. छोट्या विभागात निनावीपणा तसाही फार टिकत नाही. मशीनपाशी त्या वेळी कोण होतं, हे चार जणांतून ओळखता येतं. म्हणून मी गोपनीय सुचवेन, आणि “माझं नाव कोणाकोणाला कळेल?” हे आधी लेखी विचारून घ्या.

अवांतर: अशा तक्रारी हाताळण्यासाठी आयएसओ ३७००२ हे २०२१ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक आहे. तुमच्याकडे धोरण आहे का ते शोधा. धोरण असेल तर त्यात तक्रारदारावर सूड उगवण्याबद्दल काय लिहिलंय, तो परिच्छेद आधी वाचा.

नोंदवही

कळवल्यानंतरचं थोडं. निकाल तुम्हाला सांगतीलच असं नाही. दुसऱ्याला काय शिक्षा झाली हे बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत, त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ असं वाटू शकतं. पोच मात्र मागून घ्या, तारखेसह. त्याच दिवसापर्यंतचं तुमचं मूल्यांकन, पाळ्यांचं वेळापत्रक आणि पगाराच्या स्लिपा, म्हणजे तुम्हाला रीतसर मिळालेली कागदपत्रं, व्यवस्थित लावून ठेवा. पुढे पाळ्या अचानक बदलल्या किंवा शेरा खराब आला तर आधी काय होतं ते दाखवायला लागेल. विभागात कोणालाही, अगदी जवळच्या मित्रालाही, सांगू नका. गुप्तता बहुतेक वेळा इथूनच फुटते.

मधली_सुट्टी

एक राहिलं. या तासांचं बिल बाहेरच्या ग्राहकाला जात असेल, तर वर मी म्हटलेलं ‘आधी आपसात बोला’ विसरून जा. ते खोटं बिल होतं, आणि अशा शीटवर तुमची सही घेत असतील तर सही करण्याआधीच कळवा.