पित्तनलिकेची गाठ न काढता रेडिएशन का?

प्रश्न (सिंहगड रस्ता, पुणे)

माझ्या चार वर्षांच्या भाच्याला कावीळ झाली. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसल्याने आधी जन्मजात सिस्टचा संशय होता, पण बायॉप्सीत रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग) निघाला. केमोथेरपीनंतर कावीळ उतरली आणि गाठही बरीच आक्रसली. तरी डॉक्टर म्हणतात, ती काढण्याचा अट्टहास नको, रेडिएशन देऊ. शेजारच्या खाटेवरील हेपॅटोब्लास्टोमाच्या (यकृताच्या कर्करोगाच्या) मुलीची मात्र शस्त्रक्रिया झाली आणि तिला रेडिएशन दिलेच नाही. गाठ पोटात ठेवून कसे चालेल, असे घरातील ज्येष्ठ विचारतात. काय सांगावे?

उत्तर १ (बालकर्करोग विभागातील डॉक्टर)

जागा शेजारची असली तरी हे दोन सर्वस्वी वेगळे आजार आहेत. हेपॅटोब्लास्टोमा यकृताच्या पेशींतून उद्भवतो आणि तो बरा होणे मुख्यतः गाठ पूर्ण निघण्यावर अवलंबून असते. निरोगी यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढला तरी उरलेले पुन्हा वाढते, म्हणून सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने गाठ लहान करून ती काढतात, आणि यकृताचे चारही विभाग गाठीने व्यापले असतील तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो. रेडिएशनची वेळ तेथे क्वचितच येते.

तुमच्या भाच्याची गाठ पित्तनलिकेच्या भिंतीतून वाढते आणि नलिकेसोबत यकृताच्या दाराशी, म्हणजे मोठी शीर आणि रोहिणी आत शिरतात तेथवर, पसरते. ती संपूर्ण काढण्याच्या हट्टापायी मोठी इजा होऊ शकते. उलट ही गाठ केमोथेरपी आणि रेडिएशन या दोहोंना चांगली दाद देते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २५ मुलांच्या अमेरिकी अहवालाचा निष्कर्षच असा होता की येथे आक्रमक शस्त्रक्रियेची गरज नाही. स्कॅनवर उरलेली सावली जिवंत कर्करोगाचीच असते असेही नाही. तरीही केमोथेरपीनंतर गाठ सहज निघण्याजोगी झाली असेल तर काही ठिकाणी ती काढतात. म्हणून यकृताच्या शल्यचिकित्सकाने ताजा एमआरआय पाहिला आहे का, एवढे अवश्य विचारा.

उत्तर २ (एक आई, चिंचवड)

ज्येष्ठांचे ऐकून घ्यावे, पण निर्णय ट्यूमर बोर्डाचा, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या एकत्रित बैठकीचा, असू द्यावा. लहान मुलांना रोज भूल देऊनच रेडिएशन देतात, त्यामुळे मूल उपाशी राहते. सकाळची पहिली वेळ मागून घ्या. किरणांची जागा दाखवण्यासाठी अंगावर मार्करने काढलेल्या रेषा अंघोळीत पुसू देऊ नका. पित्तनलिकेत स्टेंट (पित्ताची वाट खुली ठेवणारी नळी) असेल आणि थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर सोमवारची ओपीडी गाठण्याची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालयात जावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रेडिएशनची मात्रा किती असते? आणि खारघरच्या प्रोटॉन उपचाराने काही फरक पडेल का?

उत्तर १ (तेच डॉक्टर)

गाठ शिल्लक असेल तर साधारण ५०.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक), म्हणजे रोज १.८ प्रमाणे, आठवड्याचे पाच दिवस, २८ वेळा. संपूर्ण यकृताला ही मात्रा सोसत नाही. म्हणूनच श्वासागणिक गाठ किती हलते हे स्कॅनवर पाहून किरणांचे क्षेत्र शक्य तितके लहान ठेवतात, आणि उजव्या मूत्रपिंडाला किती पोहोचते तेही मोजतात. मणका क्षेत्रात येत असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी सारखी मात्रा देतात, अन्यथा वाढत्या वयात पाठ वाकडी होण्याचा धोका असतो. प्रोटॉन उपचारात नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन हे कण वापरतात; ते गाठीपलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे आजूबाजूचे यकृत आणि मूत्रपिंड अधिक वाचू शकते. परंतु गाठ मारण्याची ताकद जवळपास तेवढीच असते. नंबर लागायला उशीर होणार असेल, तर केवळ त्यासाठी ठरलेली तारीख पुढे ढकलू नये, असे माझे मत आहे.