हिवाळी फुलांच्या रोपांना कोकोपीट कशाला हवं?

पालापाचोळा: पाऊस ओसरला की नाशकात पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथसचं बी टाकायची वेळ. लगेच घरोघरी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, विटा आणि पातळ प्लास्टिकचे ट्रे येतात. नारळ दक्षिणेतला, विटेत अन्न जवळपास शून्य. याला पर्यावरणपूरक कसं म्हणायचं? चाळलेली माती, पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि इगतपुरीकडचं अर्धवट जाळलेलं भाताचं तूस समप्रमाणात घ्या. कप जुन्या वर्तमानपत्राचे करा. रोप कपासकट कुंडीत जातं, मुळं दुखावत नाहीत.

निफाडचा_गारठा: वाचायला छान. आपली काळी माती ओली असताना चिकट, वाळली की कडक. पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया बसतात, त्यांचा तिथे काय निभाव लागणार? शिवाय मर येते ती वेगळीच: देठ मातीलगत पाणचट होतो, बारीक पडतो आणि रोप आडवं. कोकोपीट २-३ पाण्यांत धुऊन क्षार काढा, मूठ आवळली तर पाणी गळू नये इतकंच ओलं ठेवा. पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची खरी पानं फुटली की गांडूळखताचं पातळ पाणी. आणि जाड ट्रे धुऊन कित्येक हंगाम वापरता येतो की!

पालापाचोळा: मर कोकोपीटमध्येही येते हो. तिला बोलावतं ते जास्तीचं पाणी आणि दाट पेरणी. किलोभर मिश्रणात ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) घालून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवा. झारी नको, कपांचं बूड पाण्यात टेकवा आणि वरचा थर ओला दिसला की उचला. पेटुनियाच्या बियांना उजेड लागतो. वर माती न टाकता नुसतं दाबायचं. मग माती फोडून वर यायचा प्रश्नच कुठे?

निफाडचा_गारठा: वर येईल, पण मूळ खाली शिरायला नको? पेटुनियापुरतं तरी कोकोपीट सोडणार नाही.

गच्चीतली_माळीण: दादा, पेटुनियाचं तुमचं पटतं. पण कॅलेंडुला, कॉसमॉसच्या टपोऱ्या बियांना ट्रेही नको आणि कपही नको, थेट कुंडीत अर्धा-एक सेंटिमीटर खोल टाका. लार्कस्परला तर उपटून लावलेलं अजिबात मानवत नाही; तेही थेटच, गारवा पडल्यावर, नोव्हेंबरात. कागदी कपवाल्यांनी लावताना वरची कड फाडून टाकावी. ती मातीबाहेर राहिली तर वातीसारखी ओल ओढते, आतलं रोप सुकतं आणि दोष बियांना जातो. आणि बियांचं कोणीच बोलत नाहीये! संकरित पेटुनियाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी रंग-आकाराचा भरवसा नाही. कॅलेंडुलाचं साधं वाण असेल तर बोंड तपकिरी झाल्यावर तोडा, सावलीत वाळवा, कागदी पाकिटात ठेवा. दरवर्षी नवं पाकीट कशाला?