मदत हवी आहे: फू झुओयीने बेइपिंग सोडलं ते मुलीमुळे की नाइलाजाने?

मंडळी, सध्या चीनच्या यादवी युद्धावर वाचतोय आणि या एका माणसापाशी गाडी अडलीये, जाणकारांनी जरा सांगा.

फू झुओयी हा कुओमिन्तांगच्या (च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी सरकारच्या) बाजूचा सेनापती, मूळचा शान्शी प्रांतातला, तिथला लष्करी सुभेदार यान शीशानच्या हाताखाली तयार झालेला. १९२७ ला बेइपिंगजवळचं झुओझोऊ शहर तीनेक महिने लढवून धरलं तेव्हा नाव झालं, १९३६ ला उत्तरेकडच्या सुइयुआन प्रांतात जपान्यांच्या जिवावर उड्या मारणाऱ्या मंगोल फौजेला धुतलं. म्हणजे पळपुटा अजिबात नाही. आणि तोच जानेवारी १९४९ मधे दोन लाखांवर सैन्य असताना बेइपिंग (आत्ताचं बीजिंग) कम्युनिस्टांच्या हवाली करून मोकळा!

जिथे बघावं तिथे मुलीचीच गोष्ट. फू दोंगजू, पत्रकार, गुपचूप कम्युनिस्ट पक्षात, बापाच्याच घरात राहून त्याच्या मनात काय शिजतंय ते बाहेर कळवायची. खरंय ते, पण मला एवढ्यावर पटत नाही राव. तारखा बघा ना, २२ डिसेंबर १९४८ ला बेइपिंगच्या वायव्येला शिनबाओआनला त्याची खास मर्जीतली ३५वी आर्मी संपली आणि तिच्या कमांडरने स्वतःला गोळी घातली, २४ ला त्याच बाजूचं झांगजियाकोऊ शहर गेलं, १५ जानेवारीला जवळचं बंदर तिएनजिन तर २९ तासांत पडलं. बाहेरचा विमानतळ गेला म्हणून भर शहरात दोंगदानला धावपट्टी करायची वेळ आली. एवढं झाल्यावर मुलगी नसती तरी त्याने वेगळं काय केलं असतं?

दुसरं म्हणजे २५ डिसेंबरला कम्युनिस्टांनी युद्धगुन्हेगारांची यादी काढली त्यात याचं नाव, आणि १९४९ संपायच्या आत हाच त्यांचा जलसंपदा मंत्री, ते थेट १९७२ पर्यंत! त्याच जानेवारीत पकडला गेलेला कुओमिन्तांगचाच सेनापती दू युमिंग मात्र १९५९ पर्यंत तुरुंगात सडला. मग मंत्रिपद वाटाघाटीतच ठरलं होतं, का बाकीच्या सेनापतींना गाजर म्हणून नंतर दिलं? कारण सप्टेंबरमधे सुइयुआनला त्याचाच माणूस दोंग छीवू पण कम्युनिस्टांकडे गेला, त्यामुळे मला गाजराचा संशय जास्त येतो.

कोणी वाटाघाटींबद्दल, विशेषतः फूच्या वतीने बोलणी करणाऱ्या देंग बाओशान या सेनापतीने मधे पडून काय केलं त्यावर नीट वाचलं असेल तर पुस्तकाचं नाव टाका प्लीज. इंग्रजी चालेल, चिनी येणारं कोणी असेल तर सोन्याहून पिवळं. यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या बघून डोकं उठलंय.