कॉर्ड पाठ करायच्या की समजून घ्यायच्या?

सहातारा:
काल इथे गिटार शिकणाऱ्यांसाठी कॉर्डवर (एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीवर) एक पोस्ट आली, "बारा-पंधरा कॉर्डचे आकार पाठ करा, बोटं बसली की काम झालं, कॉर्ड कशी बनते हे कळून कुणाचं वाजवणं सुधारलेलं नाही." खाली सगळे वा वा करून गेले. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी स्वतः चार वर्षं असंच वाजवलंय. आकार सगळे पाठ, सीवरून जीवर डोळे मिटून जायचो. मग एकदा कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास गायिका म्हणाली की आज सीच्या पट्टीत नको, डीत गाते. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चाप) जवळ नव्हता. मी सीचा आकार उचलला आणि जसाच्या तसा दोन फ्रेट पुढे नेला. दाबलेल्या तारा दोन घरं चढल्या, मोकळ्या तारा कशाला चढतील? डी, एफ शार्प, जी, डी, ई असा घोळ वाजला, ती थांबली, माझ्याकडे बघायला लागली आणि नक्की काय चुकलंय ते मला सांगताच येईना. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

आणि जे कळायला हवं होतं ते केवढंसं आहे! एक सूर घ्या, पुढचा सोडा, त्याच्या पुढचा घ्या. सी, ई, जी. खालून आधी चार सेमिटोन (सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधलं अंतर) मग तीन, झाला मेजर. आधी तीन मग चार, मायनर. तीन-तीन डिमिनिश्ड, चार-चार ऑगमेंटेड. तीन सुरांच्या मुख्य कॉर्ड एवढ्याच. त्याच्यावर आणखी एक सूर तसाच एक सोडून ठेवला की सेव्हन्थ. सी-ई-जीवर बी ठेवला तर मेजर सेव्हन, तो जागच्या जागी शांत बसून राहतो. बी फ्लॅट (फ्लॅट म्हणजे एक सेमिटोन उतरलेला, शार्प म्हणजे चढलेला) ठेवला तर सी सेव्हन, आणि त्याला बसवतच नाही, कारण ई आणि बी फ्लॅटमध्ये सहा सेमिटोनची ओढाताण आहे, ई वर एफवर चढू बघतो, बी फ्लॅट खाली एवर उतरू बघतो, म्हणून सी सेव्हननंतर एफ आला की कानाला घरी आल्यासारखं वाटतं. आकार पाठ करून हे कधी कळणार?

मोकळी_तार:
ती पोस्ट माझी आहे. नाव न घेता धागा काढायचं कारण कळलं नाही, समोर बोला.

माझंही ऐका. मला ज्यांनी पहिल्यांदा गिटार शिकवली त्यांनी सहा महिने फक्त वहीत लिहून घेतलं. स्केल लिहा, अंतरं लिहा, कुठला चौथा कुठला पाचवा. एक गाणं नाही. मी गिटार कपाटावर टाकली ती पुढची सात वर्षं खाली काढली नाही. परत सुरू केली ते एका मित्राने ई मायनर, जी, सी, डी असे चार आकार दाखवले म्हणून, आणि त्याच संध्याकाळी मी एक अख्खं गाणं वाजवलं. ती सात वर्षं मला कोण परत देणार? एफचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरताना तर्जनी थरथरत असते तेव्हा चार-तीन आणि तीन-चार काय कामाचं?

काळी_पाच:
मी पेटीवाली, त्यामुळे ही आकडेमोड मला अवघड गेली, पण आपल्या सुरांत मांडली की एका मिनिटात बसते. मेजर म्हणजे सा ग प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. डिमिनिश्ड म्हणजे सा, कोमल ग, तीव्र म. ऑगमेंटेड म्हणजे सा, ग, कोमल ध. कुठल्याही पट्टीत सा धरा आणि लावा. ना लिहायला नको ना पाठ करायला नको.

खर्ज:
@काळी_पाच पहिले दोन बरोबर. तिसऱ्यात म नाहीये. डिमिनिश्डमध्ये पंचम उतरलेला असतो. आणि चौथ्यात धैवत नाही, पंचम चढलेला असतो. एक सोडून एक घ्यायचा ना? मग सा-ग-प असंच राहणार, सा-ग-म किंवा सा-ग-ध होऊन कसं चालेल.

काळी_पाच:
पंचम उतरत नाही आणि चढतही नाही. सा आणि प अचल आहेत, हे पहिल्या दिवशी शिकवतात. लहानपणापासून रोज तंबोऱ्यावर ज्या पंचमाशी सूर जुळवला तो उतरलेला म्हणायला माझी जीभ वळणार नाही. पट्टी तीच दाबायची आहे, तुम्ही नाव काहीही द्या.

खर्ज:
पट्टी तीच आहे म्हणूनच तर सगळे इथे फसतात. नाव नुसती चिठ्ठी नाही, सूर पुढे कुठे जाणार ते नावात असतं. बी डिमिनिश्ड घ्या, बी-डी-एफ. तो सीवर सुटतो तेव्हा बी वर सीवर जातो आणि एफ खाली ईवर येतो. त्या एफला ई शार्प लिहिलंत तर वाचणारा तो वर न्यायला बघेल. सी ऑगमेंटेडमधला जी शार्प वर एकडे बघतोय, तोच ए फ्लॅट म्हणून लिहिला तर खाली जीकडे बघतो. मी एकदा चेलोवाल्याला सी मायनर लिहून दिला, घाईत ई फ्लॅटच्या जागी डी शार्प. तो बिचारा दोनदा थांबला आणि म्हणाला, हे काय आहे, कॉर्ड की चूक? चूक माझी होती.

आणि @सहातारा, "मुख्य कॉर्ड एवढ्याच" म्हणताना खाली बेस काय वाजतोय हे सोडलंत. सी ई जी ए हे चार सूर घ्या. मी खाली सी धरला तर बहुतेक वेळा तो सी सिक्स ऐकू येतो, ए धरला तर ए मायनर सेव्हन. गिटारवाले वर काय धरून बसलेत त्याने नाव ठरत नाही. बेसवाल्याला कुणी विचारतच नाही.

सहातारा:
मान्य, पण फक्त सगळ्यात खालचा सूर बघूनही नाव ठरत नाही. ई-जी-सी वाजवलं तरी तो सी मेजरच, उलटवलेला. फ्रेंच संगीतकार रामोने १७२२ मध्ये हेच तर मांडलं, की सूर खालीवर केले तरी मूळ सूर तोच राहतो.

खर्ज:
आणि त्याच रामोला एफ-ए-सी-डी आल्यावर म्हणावं लागलं की हा कधी एफचा धरायचा, कधी डीचा, मागेपुढे काय आहे ते बघून. तेच मी म्हणतोय.

सूरसंगत:
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. मी बिनवाद्याच्या समूहगानात वरची पट्टी गाते. मेजर कॉर्ड खरी कशी लागते? कंपनं ४:५:६ या प्रमाणात. कीबोर्डवरचा गांधार त्यापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) चढा आहे. मायनरमधला कोमल गांधार उलटा, साधारण १६ सेंट उतरलेला. पंचम फक्त २ सेंटने चुकतो म्हणून कुणाला जाणवत नाही. आम्ही कीबोर्डवर सराव करायचो, एक दिवस तो बंद पडला, नुसतं गायलो, आणि शेवटच्या कॉर्डवर गांधार आपोआप जरासा खाली बसला आणि अख्खी खोली घुमली. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी कीबोर्ड लावून तेच गायलो तर आम्हीच बेसूर ठरलो! मधला सी आणि त्याच्या वरचा ई कीबोर्डवर एकत्र धरून ठेवा आणि कान देऊन ऐका, सेकंदाला दहाएक वेळा थरथर येते. ज्या कॉर्ड तुम्ही पाठ करताय किंवा समजून घेताय त्या मुळात पूर्ण सुरात नाहीतच.

काळी_पाच:
अगदी. पेटीवर हेच दुःख आयुष्यभर सोसलंय. गाणाऱ्याचा गांधार एकीकडे, माझी पट्टी दुसरीकडे.

दोन_हात:
हा कीबोर्डद्वेष थांबवा आता. दर वेळी कुणीतरी येऊन १४ सेंट सांगतं आणि पुढचा हिशोब करतच नाही. मीच करतो. ऑगमेंटेड घ्या, सी-ई-जी शार्प, आणि पुढे वरचा सी. तीन मेजर थर्ड एकावर एक. तुमचा शुद्ध गांधार ३८६ सेंटचा, तीन वेळा घेतला तर ११५८-५९. सप्तक १२०० चं आहे. ४१ सेंट कमी पडले, ते कुठे ठेवणार? कुठल्यातरी एका जोडीत कोंबलेत तर ती जोडी ऐकवणार नाही. म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं आणि त्या बदल्यात बाराही पट्ट्यांत सारखं वाजवता येतं. तुम्ही एका पट्टीत गाता, बाईंनी डी सांगितलं की आम्हाला डीत वाजवायचं असतं. सहा वर्षं साथ करतोय, आणि एकाही गायकाने कधी "तू माझ्यासाठी जुळवून घेतोस" असं म्हटलेलं नाही, "तुझं वाद्य बेसूर" एवढंच ऐकलंय.

सूरसंगत:
रागावू नका. ४१ चा हिशोब बरोबर आहे, मी तो कधी केला नव्हता. पण मग त्यातून निघतं काय ते बघा. सीवरून दोन शुद्ध गांधार चढत गेलो तर जी शार्प ७७२ च्या आसपास येतो. वरच्या सीवरून एक शुद्ध गांधार उतरलो तर ए फ्लॅट ८१४ च्या जवळ. म्हणजे गळ्यात ते दोन वेगळे सूर आहेत, एका पट्टीवर कीबोर्डनेच आणले.

खर्ज:
म्हणजे मी लिहिण्याबद्दल बोलत होतो ते बरोबर निघालं. आता तरी मानणार?

काळी_पाच:
चढलेला पंचम आणि कोमल धैवत वेगळे आहेत हे मानते, हिशोब समोर आहे. कॉर्ड लिहिताना उतरलेला पंचम लिहीन. गाताना तीव्र मच म्हणणार, त्यात बदल नाही.

मोकळी_तार:
शिकाऊ माणसाने आता हा धागा वाचला तर तो गिटार विकून टाकेल. हेच मी म्हणत होतो! प्रश्न होता नवीन माणसाने काय करायचं, आणि इथे सेंट मोजणं चाललंय.

तरी सकाळी वाद्य घेऊन बसलो. ई मेजर धरला, एक बोट उचललं, ई मायनर झाला. तिसऱ्या तारेवर जी शार्पचा जी होतो, बाकी काही हलत नाही. मग ए मेजरमध्ये कुठलं बोट हलतं ते बघितलं, तिथे दुसऱ्या तारेवर सी शार्पचा सी. दोन्हीकडे गांधारच हलला. वर्षानुवर्षं हे आकार वाजवतोय आणि ते एकच बोट आहे हे आज दिसलं. पण नीट बघा, हे मला आकारातून कळलं. आकार हातात नसते तर काय बघितलं असतं?

सहातारा:
हे मी लिहिलं त्यापेक्षा चांगलं आहे. आणि तुमची सात वर्षं वाया गेली त्यात कॉर्ड समजण्याचा दोष नव्हता, वाद्य हातात न देता समजावलं त्याचा होता, इतकं मी मान्य करतो. मुळात "आधी हे, मग ते" असं म्हणायलाच नको होतं, मीही नाही, तुम्हीही नाही. नाव न घेता लिहिलं ते चुकलं.

मोकळी_तार:
"कळून कुणाचं वाजवणं सुधारलेलं नाही" ही ओळ काढतो. पाठ करा हे राहणार.

पहिला_फ्रेट:
मी नवीन आहे, दोन आठवडे झाले. सगळं वाचलं, निम्मं कळलं. एक विचारू का, सस फोर कॉर्डमध्ये ग नसतोच, मग तो मेजर की मायनर?

खर्ज:
दोन्ही नाही. ग काढून म ठेवलाय, सी-एफ-जी, बहुतेक वेळा तो म परत गवर यायची वाट बघत असतो. सस टूमध्ये गच्या जागी रे, सी-डी-जी. आता तेच तीन सूर जीपासून मोजा, जी-सी-डी. हा जी सस फोर झाला. कुठला म्हणायचा ते बेस वाजल्यावर सांगतो.