मियाजिमाची तोरी: पाण्याखाली लाकूडच कशाला हवं?

खारपाटील: हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर इत्सुकुशिमा देवस्थानची तोरी, म्हणजे समुद्रात उभं असलेलं लाल महाद्वार, नुकतीच पाहून आलो. आताची 1875 सालची, उंची 16 मीटरच्या वर. 2019 ते 2022 तिला परांच्या बांधून दुरुस्ती केली. खालून समुद्रातली कीड पोखरते, वरून वाळवी. माझं मत: भरतीच्या रेषेखालचा भाग एकदाचा काँक्रीटचा करून टाका. वरचं लाकूड तसंच राहू दे. दर दोन पिढ्यांनी हा उपद्व्याप कशाला?

वाकस_रंधा: साफ असहमत. अहो, ती तोरी जमिनीत पुरलेलीच नाही! स्वतःच्या वजनावर उभी आहे. वरची आडवी तुळई आतून पोकळ, त्यात सुमारे सात टन दगड भरलेत. खालचं बूड 1950च्या सुमारास कुजलं तेव्हा कापून तिथे नवं लाकूड जोडलं. जोड पुन्हा काढता येतो. काँक्रीटमध्ये खारं पाणी शिरलं की आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. कोकणातल्या कुठल्याही जुन्या जेटीचे खांब बघा. पैसे तेव्हाही जातातच, आणि वर ते सोडवता येत नाही.

खारपाटील: जेटीचं बांधकाम कसं होतं ते सोडा. मुद्दा लाकडाचा आहे. मुख्य खांब कापराच्या झाडाचे, एक मियाझाकीतून आणलेला, एक कागावातून. एवढ्या घेराचं झाड आता कुठे मिळणार?

ओसाकाकर_माई: तुम्ही दोघंही तोरीलाच धरून बसलात. देवळाच्या ओवऱ्या बघितल्यात का? जमिनीच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवल्यात. लाट खालून आली की पाणी वर उसळतं आणि जोर ओसरतो. तरी 2004च्या वादळात वादकांची एक इमारत कोसळलीच. समुद्र वर चढला तर फटी किती पुरणार? मला तर भरती मोठी असली की तिथे जाताना धाकधूक होते.

(ओहोटीला लोक चालत जाऊन खांबाच्या भेगांत नाणी ठोकतात. नवस! कीड परवडली.)

वाकस_रंधा: माई, पण त्याच इमारतीची पुन्हा उभारणी झाली ना? लाकडाची होती म्हणूनच.

खारपाटील: सळईचं मान्य. स्टेनलेस वापरा मग. पण कापराचं काय, ते सांगा.