जर्मन बायकोला आजीशी प्रेमाचं काय बोलायला शिकवू?

राइनकाठ: नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, ७ वर्षं झाली जर्मनीत आहे, बायको जर्मन. डिसेंबरात गावी जातोय आणि तिला माझ्या आजीला स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगायचंय की तुझ्यावर माझं प्रेम आहे. मी शिकवायला बसलो आणि अडकलोच. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य घरात कुणी कुणाला बोललेलं मी ऐकलेलं नाही, आजीला तर वाटेल पोरीला बरं नाही की काय. जर्मनमध्ये बायको मला "इश लीबं दिश" म्हणते, पण आईवडील, बहीण, मैत्रिणी यांना फोन ठेवताना "इश हाब दिश लीब", ते जरा मऊ, घरगुती. तिला हे दुसरं हवंय. मराठीत काय म्हणायचं? आणि आजीला तू की तुम्ही, कारण माझ्या आईला ती अहो आई म्हणते.

कृष्णाकाठची_लेक: दादा, आजीला तूच म्हणायला सांगा, तुम्ही म्हटलं की आजी परकी होते. आणि प्रेम हा शब्द ठेवा बाजूला. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना प्रेम म्हटलं की पळून जाऊन केलेलं लग्नच आठवतं. आजीची असते ती माया, नातवंडाला लागतो तो लळा. "आजी, मला तुझा लळा लागलाय" एवढं म्हणू दे, आजीच्या डोळ्यात पाणी आलंच समजा.

तोक्योकर: इथे जपानमध्येही असंच आहे म्हणून लिहितो. "आइशितेरु" हा शब्द पुस्तकात सापडतो पण रोजच्या बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, फार जड वाटतो त्यांना. मुलगा मुलीला विचारतो तेव्हा "सुकी देस" म्हणतो, म्हणजे आवडतेस, आणि हेच "सुकी" रामेनबद्दल पण चालतं. आपलंही तेच की, तू मला आवडतेस आणि मला पुरणपोळी आवडते, क्रियापद एकच, आणि मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही.

औंधची_वाचक: माझी कॉलेजातली मैत्रीण इराणी होती, पुण्यात बरीच इराणी मुलं शिकायला असायची तेव्हाची गोष्ट. ती आईशी फोनवर बोलताना सारखं "कोर्बानेत बेराम" म्हणायची, मी अर्थ विचारला तर म्हणाली तुझ्यावरून मी कुर्बान. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, आपण नाही का म्हणत जीव ओवाळून टाकावा! फारसीत लाडाने "जिगर" पण म्हणतात, आपला जिगरी दोस्त तिकडूनच आलाय. बाकी गोव्याचं कुणीतरी लिहा ना.

मांडवीतीर: लिहिते. कोंकणीत "हांव तुजो मोग करतां". मोग आईचाही, नवऱ्याचाही, आणि आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेत देवाचो मोग पण असतो. एकच शब्द सगळ्यांना पुरतो, मराठीत तसं नाही हे मला लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर कळलं आणि अजूनही मोगची उणीव भासते.

राइनकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बायकोबरोबर बसलो. लळा तिला फार आवडला कारण जर्मनमध्ये असंच आहे, एखादं माणूस माझ्या काळजाला चिकटून वाढलं असं म्हणतात. पण ळ काही तिच्या जिभेवर येईना, लला व्हायला लागलं. मग सुचलं, "आजी, तू मला जीव लावलास". यात ळ नाही, आणि तिला पटलं कारण मी मी करण्यापेक्षा यात जे काही केलं ते आजीने केलं. "तू मला आवडतोस" पण लगेच जमलं, त्यांच्या "डू गेफेल्स्ट मीर"ची रचना हुबेहूब तीच, आवडणारं माणूस कर्ता आणि आपण "मला".

राइनकाठ: (जानेवारी) गावाहून परत आलो, सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी चुलीपाशी बसली होती, बायको जवळ जाऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, तू मला जीव लावलास." आजीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. बायकोला काही कळेना, म्हणाली हे काय केलं. मी म्हटलं अलाबला घेतली, तुझ्यावरचं संकट तिने स्वतःवर घेतलं. तर ती लगेच आजीच्या गालावरून हात फिरवून तसंच करायला गेली, बोटं वाजेनात, मग आजीने तिचे हात हातात घेऊन बोटं कशी वळवायची ते दाखवलं.